दासीला संवाद नव्हता

मुख्याध्यापकांची खुर्ची होती. तिच्यावर लाल शाल टाकली होती, म्हणून ते सिंहासन. मी त्यावर बसले होते. समोर सातवीतल्या पोरी रांगेत उभ्या. एकेकीनं यायचं, वाकायचं, माझ्या पायांना हात लावायचा आणि म्हणायचं, "राणीसाहेब, तुम्ही आम्हाला जगवलंत."

अर्चनाची पाळी आली. ती वाकली. तिचा हात माझ्या पायाला लागायचाच होता.

"अर्चना. उठ तिथून."

दारात तिची आई उभी होती. स्नेहसंमेलनासाठी पातळ दाखवायला आली होती. हातात पिशवी तशीच. ती आत आली नाही. दारातूनच गुरुजींना म्हणाली, "गुरुजी, माही पोरगी हिच्या पाया पडन का?"

गुरुजी उठून उभे राहिले. "नाटक आहे जी, बाई. खोटं खोटं."

"खोट्यात बी नाही."

बाहेर पोट्टे लंगडी खेळत होते, त्यांचा गलका तेवढा आत येत होता. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "उठ वो पोरी. कोणाची शाल आहे ते पाह्यलं का?"

शाल त्यांच्या घरची होती. मी उठले. तिनं शाल घेतली नाही. शिपायाला सांगितलं, "धुवून आणून दे घरी." शिपायानं दोन बोटांत धरून उचलली.

माझ्या अंगात काय झालं, असं लोक विचारतात. काहीच झालं नाही. कान गरम झाले. बस्स.

अर्चना मालकांची मुलगी. मालगुजारी जाऊन जमाना झाला, पण आमचं गाव त्या घराला मालकच म्हणे. भंडारा जिल्ह्यात, करडीच्या बाजूला गाव. चारी अंगांनी धानाच्या बांध्या, एका कडेला तलाव. तलाव सरकारचा झाला, तरी त्याचं पाणी कधी सोडायचं ते मालक सांगत. शाळा समितीचे अध्यक्षही तेच. माझे बाबा त्यांच्याकडे सालानं कामाला होते.

नाटक गुरुजींनीच लिहिलं होतं. दुष्काळ पडतो, राणी आपली कोठारं उघडते, लोक जगतात, असं काहीतरी. गुरुजी भला माणूस. त्यांनी सगळ्या पोरींना एकेक संवाद म्हणायला लावला होता, आणि मग म्हणाले होते, "आवाज हिचाच. राणी हीच." तेव्हा अर्चनानंच सगळ्यांत आधी टाळी वाजवली होती. आम्ही एका बाकावर बसायचो. ती मला बोरं द्यायची. शाळेत.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला बाजूला घेतलं. माझ्याकडे न बघता बोलले. "तू दासी हो. सोपं आहे. संवाद नाही काही. शेवटी फक्त वाकाचं."

"आन् राणी?"

"अर्चना."

अर्चनाला संवाद पाठ होत नव्हते. मला सगळे पाठ होते. दुपारच्या सुट्टीत तिला शिकवायचं काम माझ्यावर आलं. चिंचेखाली बसून मी एकेक ओळ म्हणायचे, ती माझ्यामागून म्हणायची. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, मान कशी धरायची, सगळं मी सांगितलं. तिनं ते चांगलं उचललं. माझी राणी तिच्या तोंडातून बोलायला लागली.

घरी मी आईला सांगितलं. आई चूल फुंकत होती.

"नाटकात तं आहे," आई म्हणाली. "लागते का काही अंगाले?"

"नाटकातच आहे तं तिनं काहून नाही वाकाचं?"

"तू जास्त बोलू नको."

बाबा भिंतीला टेकून बसले होते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. आमच्या आज्यानं दीक्षा घेतली, त्याच्यानंतर घरात आलेला. फोटोखाली बसून बाबा काहीच बोलले नाहीत.

बाबांचे दोन आवाज होते. हे मला फार उशिरा कळलं, पण ऐकत मी लहानपणापासून होते. आमच्या मोहल्ल्यात त्यांचा आवाज भरदार. पौर्णिमेला विहारात वंदना तेच सांगत, आणि बाहेर रस्त्यावरून जाणारा थांबून ऐके, असा आवाज. पण मालकाच्या गल्लीला वळलं की आवाज पातळ व्हायचा. पाठ थोडी गोल व्हायची. डोक्यावरचा दुपट्टा हातात यायचा. कोणी सांगितलं नव्हतं. निदान माझ्या समोर तरी कोणी सांगितलं नव्हतं. मी त्यांचं बोट धरून चालायचे आणि गल्लीच्या त्याच वळणावर माझा आवाजही बंद व्हायचा. मला वाटे, ही रीत आहे. जसं विहारात चपला काढायच्या तशी.

मी कमी आहे, असं मला कोणी कधी तोंडावर म्हटलं नाही. कुठून यायचं, कुठे थांबायचं, कोणानंतर बोलायचं, एवढंच ठरलेलं होतं. त्यातून बाकीचं आपोआप समजत गेलं. मालकाच्या घरी आम्ही गोठ्याकडच्या दारानं जायचो. समोरचं दार उघडं असलं तरी पाय तिकडे जात नसत. पायांनाच माहीत होतं.

संमेलन जानेवारीत होतं. दुपारी. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. पुढे खुर्च्या, मागे सतरंज्या, त्याच्याही मागे लोक उभे. आमचा मोहल्ला डाव्या हाताला, हातपंपाच्या बाजूनं. आई नवं लुगडं नेसून आली होती. तिची पोरगी नाटकात होती ना.

मी हातात पंखा घेऊन राणीच्या मागे उभी होते. मोरपिसं नव्हती म्हणून पुठ्ठ्याचा केलेला. अर्चना बोलत होती. चांगली बोलत होती. एका ठिकाणी ती अडखळली तेव्हा मी मागून हळूच शब्द दिला. तिनं घेतला.

शेवटचा प्रवेश आला. लोक जगले. एकेक पोरगी आली, वाकली, गेली. सगळ्यांत शेवटी दासी. मी पंखा खाली ठेवला, पुढे आले, आणि उभी राहिले.

मी ठरवलं नव्हतं. हे मी शपथेवर सांगते. कोणी म्हणेल, बाई, किती हिंमत. हिंमत नव्हती. गुडघे वाकले नाहीत. मी त्यांना सांगत होते, वाका. ते ऐकत नव्हते. मला मांडव दिसत होता, पुढच्या खुर्चीतले मालक दिसत होते, त्यांच्या शेजारी मालकीणबाई. आईचं लुगडंही दिसत होतं. आवाज मात्र सगळे लांबून येत होते, पाण्यात बुडल्यावर येतात तसे.

अर्चना ओठ न हलवता म्हणाली, "वाक ना."

पडद्याआडून गुरुजी म्हणाले, "वाक. वाक बेटा."

मागच्या पोट्ट्यांनी हसायला सुरुवात केली. "भुलली, भुलली!" मग पुढचेही हसले. गुरुजींनी पडदा ओढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनंही वाजवल्या.

सगळं गाव हसलं. मालक हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा माणूस आला. "मालकानं बलावलं. पोरीले घेऊन ये म्हणते."

बाबांनी मला तोंड धुवायला सांगितलं. आईनं माझी वेणी घातली. जोरात ओढून घातली. आम्ही निघालो. गल्लीच्या वळणावर बाबांनी दुपट्टा काढून हातात घेतला.

आंगण शेणानं सारवलेलं होतं. एका बाजूला धानाचा ढीग, त्यावर कावळे येऊ नयेत म्हणून जुनी साडी पांघरलेली. ओसरीवर खाट टाकली होती. खाटेवर अर्चना. तिला बसवून ठेवलं होतं, हे दिसत होतं. तिच्या पायांत काही नव्हतं. मालक खांबाला टेकून दात कोरत होते.

ते ओरडले नाहीत. मालक कधी ओरडत नसत.

"काय वो," ते मला म्हणाले. "विसरली म्हणून राहिले सगळे. विसरली होती का?"

मी धानाच्या ढिगाकडे बघितलं.

"विसरली असन जी, मालक," बाबा म्हणाले. पातळ आवाजात. "लेकरू आहे."

"लेकरू आहे म्हणूनच सांगून राहिलो. मोठी झाल्यावर कोण सांगन? तिथं विसरली तं इथं कर. इथं कोणी हसत नाही. वाक."

बाबांनी माझ्या मानेवर हात ठेवला. त्यांच्या हाताला नेहमी तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा वास यायचा. तो वास मला आला. हातानं मान दाबली. थोडी दाबली, मग जास्त. मी उभी. अर्चना माझ्याकडे बघत नव्हती. आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होती.

"वाक ना वो माय," बाबा म्हणाले. हे मला एकटीला ऐकू आलं.

मी वाकले नाही.

मग मानेवरचा हात निघाला. मला वाटलं आता मार बसेल. मी डोळे मिटले. काही झालं नाही म्हणून उघडले.

बाबा वाकले होते. हातातला दुपट्टा त्यांनी जमिनीवर ठेवला होता आणि खाटेसमोर दोन्ही गुडघे टेकून ते अर्चनाच्या पायांना हात लावत होते. विहारात वंदना सांगणारा माझा बाप. समोर माझ्या बाकावर बसणारी पोरगी. तिनं बोटं आत ओढून घेतली. खाटेची दोरी करकरली. ती "आई" असं काहीतरी म्हणाली. तिची आई आतल्या दारात होती. ती हलली नाही.

"हां," मालक म्हणाले. "झालं. चाय पिऊन जा."

बाबा चहा प्यायले. गोठ्याच्या बाजूला उकिडवे बसून, बशीत ओतून, फुंकर मारून. मी शेजारी उभी होते. ते पूर्ण प्यायले. कप धुवून उपडा ठेवला.

घरी आल्यावर कोणी काही विचारलं नाही. आईनं भात वाढला. मी खाल्ला. पुन्हा मागितला. तोही खाल्ला. त्या दिवशी मला एवढी भूक कशी लागली, ते आजही समजत नाही.

त्यानंतर मला रडता येईना.

हे मी उगाच म्हणत नाही. आजी वारली तेव्हा सगळ्या बाया रडत होत्या, मी पाणी भरत होते. दहावी झाली, मी भंडाऱ्याला वसतिगृहात आले. एसटी कारध्याच्या पुलावर आली की पोरी खिडकीतून वैनगंगा बघायच्या, कोणी नाणं टाकायच्या, कोणाचे डोळे भरून यायचे घर मागे राहिलं म्हणून. मी बघायचे, पाणी आहे. पुढे नर्सिंग केलं. नोकरी लागली. आता लाखांदूरच्या दवाखान्यात आहे. ड्यूटीवर पहिल्यांदा एक मूल माझ्या हातात गेलं तेव्हा बरोबरच्या सिस्टर बाथरूममध्ये जाऊन रडल्या. मी ते मूल पुसलं, कपड्यात गुंडाळलं, त्याच्या आईजवळ नेऊन ठेवलं आणि पुढच्या बाईचं सलाईन बदललं. सगळे म्हणाले, सिस्टर लय खंबीर आहेत.

खंबीर नव्हते मी. त्या आंगणात उभी होते अजून.

आणि दुसरं एक. मी वाकले नाही, हे खरं. पण पुढे काय झालं ते बघा. मीटिंगला गेले तर दाराजवळची खुर्ची धरायची. रांगेत आपोआप मागे सरायची. जेवणाच्या पंगतीत "तुम्ही बसा, मी नंतर बसते." नवऱ्यानं विचारलं कुठं जायचं, तर "तुम्ही म्हणाल तिथं." कोणी काही मागायच्या आधी मी म्हणायचे, "माझं चालेल." दवाखान्यात कोणी आडनाव विचारलं की मी आधी पदनाम सांगायचे, मग गाव, आणि आडनाव अगदी शेवटी, घाईत, औषधाची वेळ सांगावी तसं. संवाद नसलेली दासी मी वर्षानुवर्षं करत राहिले. कोणी करायला लावत नव्हतं. माझ्या पगारात, माझ्या घरात, माझ्या गणवेशात मीच करत होते.

मागच्या हिवाळ्यात शाळेच्या आमच्या तुकडीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. कोणीतरी माझा नंबर टाकला. सकाळी फुलं, संध्याकाळी जुने फोटो. मग ठरलं, भंडाऱ्याला एक लॉन घेऊन स्नेहमिलन करायचं. गुरुजींनाही बोलवायचं. मी जाणार नव्हते. नवरा म्हणाला, "जा ना. कधी जातेस कुठं?" गेले.

बायांनी एकसारख्या रंगाच्या साड्या नेसायच्या असं ठरलं होतं. फोटो काढले. गुरुजी खूप थकले होते. त्यांना शाल, नारळ दिला. अर्चना नागपुरातून आली होती. तिनं मला मिठी मारली. "कुठं होती गं इतके दिवस?" खरंच विचारलं तिनं. तिच्या आवाजात खोट नव्हती.

माइक आमच्या वर्गातल्या एकाकडे होता. तो आता शिक्षक आहे, हसवण्यात पटाईत. एकेकाची फजिती सांगत होता. कोण शाळेतून पळाला, कोण झाडावरून पडला. लोक पोट धरून हसत होते. मग त्यानं माझ्याकडे हात केला.

"आन् ह्या आमच्या सिस्टर! सातवीचं नाटक आठवते का? डायलॉग एकबी नाही, नुसतं वाकाचं, तं तेही भुलली! खांबासारखी उभी! गुरुजी आतून वाक वाक करून राहिले आन् हे बाई हालेच ना!"

सगळे हसले. मीही हसले. माझं तोंड आपलं आपण हसलं. मला ते हसू माझ्या गालावर जाणवलं. ते माझं नव्हतं, तरी माझ्या तोंडावर होतं.

सगळ्या तुकडीनं ही गोष्ट अशीच जपली होती. दासी विसरली. गंमत झाली. एवढ्या वर्षांत त्यांच्या घराघरांत ही गोष्ट अशीच सांगितली गेली असेल. त्यांच्या मुलांनीही हसून ऐकली असेल. आणि आंगणातली गोष्ट, ती कुठंच नव्हती. ती फक्त मला माहीत होती, बाबांना, आणि त्या घराला.

तो थांबला नाही. "अर्चनाताई, या इकडं. खुर्ची आणा रे. आज तो सीन पुरा करून टाकू. सिस्टर, आज तरी भुलू नका!"

टाळ्या पडल्या. दोघांनी खुर्ची आणली. पांढरं कव्हर, मागे सोनेरी फीत बांधलेली. अर्चना "नको रे" म्हणत हसत हसत आली. बसली. मोबाइल वर झाले.

मी उठले. पुढे गेले. त्याच्या हातातला माइक घेतला. त्यानं दिला. त्याला वाटलं मीही काही गमतीचं बोलणार.

"मी भुलली नव्हती," मी म्हटलं.

लोक अजून हसतच होते.

"मी भुलली नव्हती. राणी मी होती. हिच्या आईनं मले उठवलं, का तं तिची पोरगी माह्या पाया पडाले लागन म्हणून. मंग मले दासी केलं. मी वाकली नाही. मंग दुसऱ्या दिवशी मालकानं घरी बलावलं. तिथंबी मी वाकली नाही. तं माहा बाप वाकला. हिच्या पायावर. सातवीतल्या पोरीच्या."

एवढंच बोलले. ठरवून काही बोलले नाही. आवाज चढला नाही, कापलाही नाही. ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची हकीकत सांगतो, तसं सांगितलं.

मोबाइल हळूहळू खाली गेले. गुरुजी मांडीवरच्या नारळाकडे बघत होते. मला वाटलं ते काही बोलतील. त्यांनी शालीची घडी नीट केली. मागून कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या ना आता, जेवण थंडं होऊन राहिलं." सगळे जेवणाकडे वळले. फार घाईनं वळले.

हात धुवायच्या नळाजवळ अर्चना आली. डोळे लाल होते.

"असं सगळ्यांसमोर काहून बोलली गं? मले एकटीले सांगाचं होतं."

"तुले माहीत होतं. तुले काय सांगू?"

"लहान होतो ना आपण."

"तू लहान होती. मी लहान होती. माहा बाप लहान नव्हता."

तिनं ओले हात पुन्हा पाण्याखाली धरले. नळ चालूच होता. मग म्हणाली, "मंग काय करू मी? माफी मागू?"

"तुह्या पोराईले सांग. जसं झालं तसं. आजोबाचं नाव घेऊन सांग."

तिनं नळ बंद केला. पदराला हात पुसले. "आमच्या घरी असं बोलता येत नाही," ती म्हणाली. खरं बोलली. तिलाही कोणीतरी कधीतरी शिकवलं असेल, खाटेवर बसून राहायचं, पाय पुढे ठेवायचे आणि बोलायचं नाही. ते मला समजतं. समजतं म्हणून मी माफ केलं असं कोणी समजू नये.

मी न जेवता निघाले. लाखांदूरची गाडी सोडून करडीकडची धरली. गावी गेले.

बाबा आंगणात बाजेवर बसले होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. आता ते कामाला जात नाहीत. गुडघे गेले. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. ते ऐकत गेले. मग त्यांचा चेहरा उतरला.

"काहून बोलली? आपल्याले याच गावात राहा लागते."

"बाबा, तुमी काहून वाकले होते?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. ते बराच वेळ तळहात चोळत बसले.

"तुही मान दाबली मी," ते म्हणाले. "जोर लावून दाबली. लोखंडासारखी होती. मंग म्हटलं, हे काही वाकत नाही. तं कोणाले तरी वाका लागन."

"काहून लागन?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना प्रश्न समजला नाही. खरंच समजला नाही. वंदना ज्याला पूर्ण पाठ आहे, बावीस प्रतिज्ञा ज्यानं मोहल्ल्यातल्या पोराबाळांना शिकवल्या, त्या माणसाला हा प्रश्न समजला नाही.

"लागते," ते म्हणाले.

तेव्हा माझ्या छातीत काहीतरी दुखलं. बऱ्याच वर्षांनी. मी ते दुखणं दाबलं नाही. मला रडू आलं नाही, पण दुखलं. मालकाची जेवढी चीड आली नव्हती, तेवढी त्या एका शब्दाची आली. लागते. हा शब्द माझ्या बापाचा नव्हता. कोणीतरी त्यांच्या आज्याच्या तोंडात घातला, त्यांनी तो गिळला, आणि तो त्यांच्या हाडांत जाऊन बसला. धर्म बदलला. फोटो बदलले. नावं बदलली. तो शब्द तिथंच राहिला. माझ्यातही होता. मी त्याला "माझं चालेल" म्हणत होते.

आम्ही तसेच बसलो होतो. रस्त्यानं फटफटीचा आवाज आला. मालकांचा पुतण्या. मालक आता नाहीत, शाळा समितीवर आता हा आहे. आमच्या घरासमोर आल्यावर त्यानं गाडी हळू केली.

बाबा उठले. गुडघ्यांवर हात देऊन, कण्हत, बाजेचा आधार घेत उठले. दुपट्टा काढला. मला म्हणाले, "उठ ना वो थोडी."

मी बसून राहिले.

"काय सिस्टर, कधी आल्या?" त्यानं विचारलं. माझ्या पायांकडे बघितलं, बाजेकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"आताच आली," मी म्हटलं. बसून.

तो अजून क्षणभर थांबला. मी उठेन, असं त्याला वाटत असावं. मग गेला. बाबा उभेच होते. धूळ खाली बसेपर्यंत उभे होते. त्यांना मी बसवलं नाही. त्यांचं उठणं आता त्यांच्याबरोबरच जाईल, ते मी सोडवू शकत नाही.

पण माझ्यापुढे ते जाणार नाही. माझ्या मुलीला मी ही गोष्ट सांगितली आहे, सगळी, नावं घेऊन. कोणाचं आंगण, कोणाची खाट, कोणाचे गुडघे. तुकडीच्या ग्रुपवर लिहिली, तेव्हा कोणी उत्तर दिलं नाही, काहींनी ग्रुप सोडला. सोडू दे. जिथं कोणी ही गोष्ट गंमत म्हणून सांगेल, तिथं मी मध्येच बोलणार. लग्नात असो, मयतीत असो, शाळेच्या मंचावर असो. जेवण थंड झालं तरी चालेल.

आडनाव आता मी आधी सांगते. मोठ्यानं. समोरच्यानं मान वळवली तर वळवू द्यावी. मी बसलेल्या जागेवरून उठणार नाही.